परदेशी पदवी, देशी म्हैस

फिलिपिन्सला जाऊन डीव्हीएम, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची पदवी, करायचीय? अवश्य करा. सहा वर्षं घाला. तिथल्या काराबाव म्हशीची गुणसूत्रं ४८ आणि आपल्या पंढरपुरीची ५०, एवढं तोंडपाठ करून परत या. इथे नोंदणीच्या खिडकीपलीकडे त्याची गरज पडत नाही.

पदवी भारतात चालते का, हे आधी तपासू नका. एजंट 'चालते' म्हणाला ना? झालं तर. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याला परदेशी पदव्यांची वेगळी अनुसूची आहे. ती वाचायला परतल्यावर सवड मिळतेच.

स्थळांना नुसतं 'डॉक्टर' सांगा.

मग नोंदणीसाठी कागद. गुणपत्रिका, इंटर्नशिपचा दाखला, अपोस्टिल (परदेशी कागद खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र), आणि अख्खा अभ्यासक्रम, पानापानावर विद्यापीठाच्या शिक्क्यासह. गेल्या आठवड्यात माझा गठ्ठा परत आला. कारण? शिक्का पुसट. मी म्हटलं, साहेब, शस्त्रक्रियेचे तास तरी बघा. ते म्हणाले, "ते आमचं काम नाही, शिक्का नीट आणा." बरोबर आहे. टाके घालता येतात की नाही, हे शिक्क्यावरूनच कळतं.

नोंदणी होईपर्यंत कुणाच्या जनावराला हात लावू नका. कायदा कडक आहे!

कडक फक्त तुमच्या-आमच्यासाठी. त्याच संध्याकाळी शेजारच्या गोठ्यात म्हशीला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली होती. एक सड घट्ट, दूध फाटलेलं. मी नुसता बघत उभा, कारण माझी नोंदणी नाही. आणि गाडीवरून 'डॉक्टर' आले, ज्यांची पदवी देशातही नाही नि परदेशातही नाही. जनावरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक द्यायला २००६पासून बंदी आहे, ते टोचलेली मेलेली जनावरं खाऊनच गिधाडं संपली. यांनी त्याच औषधाच्या, माणसांसाठीच्या बारक्या कुप्या एकामागून एक फोडून टोचल्या. वर कुठलंसं अँटिबायोटिक. उरलेल्या तीन सडांचं दूध? डेअरीला. तुमच्या चहात.

यांना कुणी शिक्का विचारला? यांचा अभ्यासक्रम कुणी मागितला? साहेब, परदेशी पदवीची परीक्षा घ्या, दोनदा घ्या, मी बसतो. पण कागदाचा कोपरा बघून माणसाला महिनोन्महिने ताटकळत ठेवता आणि गावोगाव सुई घेऊन फिरणाऱ्यांकडे डोळेझाक करता, याची लाज वाटू द्या.

आणि दादा, तुम्हीसुद्धा. स्वस्तात पडतो म्हणून त्यालाच फोन लावता, आणि म्हैस आटली की "डॉक्टरनं वाटोळं केलं" म्हणून आमच्या नावानं बोंब मारता. पुढच्या वेळी सुई टोचू देण्याआधी त्याचा नोंदणी क्रमांक मागा.