स्प्रिंगटेलची प्रजाती छायाचित्रावरून का ठरत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातील स्प्रिंगटेल, म्हणजे मातीत राहणारे, पोटाखालच्या अवयवाने उडी मारणारे बिनपंखी सूक्ष्म प्राणी, यांवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. स्पष्ट रंगीत छायाचित्र हाती असताना रोम (अंगावरील बारीक केस), नखर (पायांची नखे) आणि उडीच्या अवयवाचे टोक यांची चर्चा अनावश्यक आहे, हा पहिला. आणि डीएनए चाचणीमुळे शरीररचनेवरून ओळख पटवण्याची पद्धत कालबाह्य झाली आहे, हा दुसरा. दोन्ही मला मान्य नाहीत. त्याची कारणे सविस्तर देतो.

छायाचित्रावरून बरेच काही कळते, हे मी नाकारत नाही. शरीर गोलाकार असेल, तर बहुधा सिम्फिप्लिओना हा गण असतो. शरीर लांबट असून उदराचा चौथा खंड तिसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल, तर एंटोमोब्रिडी कुळाकडे वळावे, आणि हे दोन खंड जवळपास सारखे असतील, तर आयसोटोमिडीचा विचार करावा. अडचण सुरू होते ती याच्या पुढे.

आपण केप टाउनमधील एका बागेतील निळसर-करड्या स्प्रिंगटेलच्या थव्याचे छायाचित्र पाठवले आणि ती स्थानिक प्रजाती असल्याचे म्हटले. त्या रंगाच्या व ठेवणीच्या प्राण्यांत हायपोगॅस्ट्रुरा मॅनुब्रियालिस आणि सेराटोफिसेला डेंटिक्युलाटा या दोन्हींचा विचार करावा लागतो, आणि दोन्ही युरोपातून तेथे पोहोचलेल्या आहेत. सेराटोफिसेलाच्या शृंगिकेच्या (डोक्यावरील स्पर्शिकेच्या) तिसऱ्या व चौथ्या खंडांच्या मध्ये बाहेर येऊ शकणारी एक पिशवी असते. ती आत ओढलेली असली, की वरून दिसत नाही. उदराच्या टोकावरील दोन काटे सेराटोफिसेला डेंटिक्युलाटामध्ये मोठे, तर हायपोगॅस्ट्रुरा मॅनुब्रियालिसमध्ये लहान असतात. एक-दीड मिलिमीटरच्या प्राण्यातला हा फरक पाहायचा, तर नमुना लॅक्टिक आम्लात पारदर्शक करून काचपट्टीवर चढवावाच लागतो. परकी प्रजाती स्थानिक म्हणून नोंदली गेली, तर फिनबॉसच्या, म्हणजे केपमधील झुडपी वनस्पतींच्या प्रदेशाच्या, मातीतले मूळचे रहिवासी कोणते, हा प्रश्नच पुसला जातो, आणि मला ती गोष्ट फार गंभीर वाटते.

सेइरा या प्रजातीसमूहाचे वेस्टर्न केपमध्ये मोठे वैविध्य आहे. तेथे रंगाचे पट्टे उपयोगी पडतात, म्हणूनच जिवंत नमुन्याचे छायाचित्र जरूर काढावे. परंतु अल्कोहोलमध्ये रंग फिकट होतो आणि खवले सहज झडतात, तर खवले असलेल्या लेपिडोसिर्टस या दुसऱ्या प्रजातीसमूहापासून सेइरा वेगळा करणारे लक्षण टिकून राहते: सेइराच्या उडीच्या अवयवाचे टोक, म्हणजे म्यूक्रो, विळ्यासारखे वाकलेले व एकदंती असते, तर लेपिडोसिर्टसचे दोन दातांचे असून त्याच्या बुडाशी काटा असतो. यापुढे प्रजातीपर्यंत जाण्यासाठी पाठीवरील रोमांची मांडणी पाहावी लागते. त्यातही सावध राहावे लागते, कारण स्प्रिंगटेल प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहतात आणि तुटलेली शृंगिका पुन्हा वाढताना तिचे खंड कमी-जास्त होऊ शकतात. म्हणून केवळ शृंगिकेच्या लांबीवरून निर्णय देणे मी टाळतो.

आता डीएनएविषयी. पॅरिसोटोमा नोटाबिलिस या युरोपात सर्रास आढळणाऱ्या प्रजातीत एकमेकांपासून खूप दूर असलेले चार जनुकीय गट असल्याचे २०१२ मध्ये दाखवले गेले. शरीररचनेने न दाखवलेला भेद तेथे डीएनएने दाखवला, हे आपले म्हणणे इथपर्यंत खरे आहे. मात्र वेगळेपण दाखवणे आणि नाव देणे ही दोन निराळी कामे आहेत. डीएनएचा क्रम कोणत्या तरी आधी ओळखलेल्या नमुन्याशीच ताडून पाहावा लागतो, आणि नाव बांधलेले असते ते मूळ वर्णनाच्या नमुन्याशी. कीटकशास्त्रज्ञ वोमर्सली यांनी १९३४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील स्प्रिंगटेलची जी वर्णने प्रसिद्ध केली, त्यांतील नावे आजच्या डीएनए क्रमांना जोडायची, तर जुन्या नमुन्यांत आणि नव्या नमुन्यांत रोम, नखर व म्यूक्रो यांचीच तुलना करावी लागते.

त्या बागेतील काही प्राणी अल्कोहोलच्या कुपीत ठेवून त्यावर ठिकाण व दिनांक लिहून ठेवल्यास, शृंगिका आणि उदराचे काटे तपासून त्यांची ओळख निश्चित करता येईल.