फोटो बाजूला, तांब्या समोर

"ड्रॉइंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" असं कुणी विचारलं की हल्ली माझं उत्तर ठरलेलं असतं. मोबाईलमधला फोटो बंद करा आणि घरातला तांब्या टेबलावर ठेवा. यावर बहुतेकांचा चेहरा पडतो. त्यांना नातवाचं पोर्ट्रेट करायचं असतं, आणि फोटोवर चौकोन आखून घेतले की ते होतंही. लाइक्सही पडतात. पण त्याच माणसासमोर कपबशी ठेवा, हात अडखळतो. गोल वस्तू सपाट कागदावर कशी आणायची हा खरा प्रश्न, तो फोटोत कॅमेऱ्याने आधीच सोडवून दिलेला असतो.

आता तांब्याच का? तोंडाचा काठ गोल आहे हे डोक्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून हात गोलच काढतो. दिसतो मात्र लंबगोल. काठ डोळ्यांच्या पातळीच्या जितका जवळ तितका चपटा, जितका खाली तितका फुगीर. म्हणजे टेबलावरच्या तांब्याचा तळ तोंडापेक्षा जास्त वळलेला हवा. नवशिके तिथे हमखास सरळ रेघ मारतात. तांब्या टेबलावर टेकलाय ना, मग तळ सरळच असणार, असा हिशेब! माप घ्यायचं ते पेन्सिलीने. हात पूर्ण ताणायचा, एक डोळा मिटायचा आणि गळ्याची रुंदी पोटाच्या रुंदीत किती वेळा बसते ते पाहायचं. कोपर वाकलं की माप गेलं.

शेडिंगला मात्र घासलेलं पितळ नको, त्यातली चकाकी नवख्याला फसवते. साधं मडकं घ्या, बाजूला एकच दिवा. नीट पाहिलंत तर सगळ्यात गडद पट्टा कडेला नसतो, थोडा आत असतो. कडेवर टेबलावरून परतलेला उजेड पडतो. हा उजेड सापडला की माणूस इतका खूश होतो की खोडरबर घेऊन ती कड पांढरीच करून टाकतो. मग मडकं मातीचं राहत नाही, पत्र्याचं होतं. तो उजेड सावलीतलाच, दिव्याकडच्या बाजूपेक्षा गडदच राहायला हवा.

हे काही माझं संशोधन नाही. युरोपातल्या अकादम्यांत आधी छापील चित्रांच्या नकला, मग प्लास्टरचे पुतळे, मग जिवंत मॉडेल असाच क्रम होता. 1857 साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमधूनही पुतळ्यांवरून अभ्यास करायची ती पद्धत आपल्याकडे रुजली. व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा तो सत्ताविशीत होता. त्याने शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या अभ्यासचित्रांच्या नकला केल्या, आणि 1890 साली, आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, पुन्हा तीच चित्रं काढायला घेतली. आपल्याला मात्र दुसऱ्या रविवारीच कंटाळा येतो.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांमधलं वस्तुचित्र मुळात याच घराण्याचं. पण इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत 7 मार्क मिळतात, आणि काही क्लासवाल्यांचं सगळं लक्ष तेवढ्यावरच. स्मरणचित्रात फुगेवाला, मागे नारळाचं झाड, कोपऱ्यात कुत्रा, सगळं पाठ. ज्या नाशकात नारळापेक्षा वड-पिंपळ जास्त दिसतात, तिथल्या पोरांच्या स्मरणात नारळ कुठून आला, हे मला आजवर कळलेलं नाही.

नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची गोदाघाटाची जलरंगातली चित्रं पाहताना रंगावरच नजर खिळते. एकदा रंग विसरून फक्त पायऱ्या पाहा. त्या मागे कशा सरकत जातात, देवळाचा चौथरा जमिनीवर कसा बसलाय. खाली ड्रॉइंग पक्कं नसतं तर वरच्या ओल्या रंगाला कशाचा आधार मिळाला असता?

खर्चाची सबब सांगू नका. एक 2B आणि एक 4B पेन्सिल, कार्ट्रिज कागद आणि मागे जाड पुठ्ठा एवढ्यावर भागतं. तांब्या घरात नसेल तर भांडी बाजारात जा, मोडीतला पोचे पडलेलाही चालेल.

माझी गाडी आता प्लास्टरच्या मुखवट्यापाशी अडलीय. नाशकात कुणाच्या माळ्यावर जुना नाक-डोळ्यांचा साचा किंवा अख्खं डोकं पडून असेल तर इनबॉक्स करा. कान तुटलेला असला तरी चालेल, न्यायला मी येईन.