तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर: 8 विरुद्ध 4 चा अर्थ काय

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, आणि जरा सविस्तर लिहितोय कारण हे आक्षेप बऱ्याच जणांच्या मनात असतात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की 12 पैकी 8 पुरावे एका बाजूला आणि 4 दुसऱ्या बाजूला असताना "जवळपास नक्की" म्हणणं हा उद्दामपणा आहे, प्रामाणिक माणसाने साठ-सत्तर टक्क्यांवर थांबावं, टक्क्यांत बोलणं ही तशीही पळवाटच आहे, आणि कोर्ट काही नुसत्या शक्यतेवर निकाल देत नाही.

पहिला मुद्दा मला अजिबात पटत नाही. वॉर्ड एडवर्ड्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये मांडलेलं उदाहरण बघा. दोन पिशव्या, प्रत्येकीत 1000 चकत्या, एकीत 700 लाल आणि 300 निळ्या, दुसरीत बरोब्बर उलटं. त्यातली कुठलीही एक पिशवी घ्यायची, न बघता एक चकती काढायची, रंग लिहून ठेवायचा, चकती परत आत टाकायची, हलवायचं, पुन्हा काढायची, असं 12 वेळा. समजा 8 लाल आल्या, 4 निळ्या. तर हातातली पिशवी जास्त लालवाली असण्याची शक्यता किती? बहुतेक लोक 70 ते 80 टक्के म्हणतात, तुम्हीही जवळपास तेच म्हणताय. खरं उत्तर आहे 97.

हिशोब अवघड नाहीये. प्रत्येक लाल चकती पारडं 7 ला 3 या प्रमाणात लालवाल्या पिशवीकडे झुकवते आणि प्रत्येक निळी तेवढंच उलट ओढते, म्हणजे 4 निळ्यांनी 4 लाल रद्द केल्या, उरल्या 4 लाल, आणि हे वजन बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं, सात भागिले तीन हा आकडा चार वेळा गुणला की जवळजवळ 30 येतो. 30 ला 1. आपलं काय होतं, 8 आणि 4 बघितलं की डोक्यात दोन-तृतीयांश येऊन बसतं. पण तो काढलेल्या चकत्यांमधला लाल रंगाचा वाटा झाला, विचारलं होतं पिशवी कुठली ते! या दोन प्रश्नांची गल्लत होते आणि मग त्या गल्लतीलाच आपण संयम म्हणतो, याचा मला खरंच त्रास होतो, कारण अशाने स्पष्ट दिसणारी गोष्टसुद्धा कायम "वादग्रस्त" राहते.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने. हे गणित चालतं कारण चकती दर वेळी परत टाकून पिशवी हलवली जाते. खऱ्या आयुष्यात आठ जण एकच गोष्ट सांगतात आणि चौकशी केली की कळतं सगळ्यांनी ती एकाच माणसाकडून ऐकलेली, मग ते आठ पुरावे नाहीतच, एकच चकती आठ वेळा मोजली. एवढ्याचसाठी कोणी सावध राहत असेल तर माझी काही तक्रार नाही. पण मग पुरावे एकमेकांवर अवलंबून कसे आहेत ते दाखवा, नुसतं "दोन्ही बाजूंना काहीतरी तथ्य असतंच" म्हणून 97 चे 65 करू नका.

पळवाटीबद्दल. 2016 च्या अमेरिकन निवडणुकीत फाइव्हथर्टीएट या साइटने शेवटी क्लिंटन यांना साधारण 71 टक्के शक्यता दिली होती, ट्रम्प जिंकले, आणि लोक म्हणाले मॉडेल सपशेल चुकलं. एका निकालावरून ते ठरत नाही, 29 टक्के म्हणजे शून्य नव्हे. पण म्हणून असं बोलणारा कधीच पकडला जात नाही हेही खरं नाही. ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने 1950 मध्येच अंदाज तपासायची रीत दिली, सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल यातल्या फरकाचा वर्ग करायचा, जितका कमी तितकं चांगलं. 70 टक्के सांगितलं आणि घडलं नाही तर दंड 0.49, 97 सांगून घडलं नाही तर 0.94, जवळपास दुप्पट. आणि घडलं तर 70 वाल्याला 0.09, 97 वाल्याला 0.0009. असे शंभरेक अंदाज लिहून ठेवले की कोण उगाच ठामपणे बोलत होतं आणि कोण उगाच कचरत होतं, दोघंही उघडे पडतात.

कोर्टाचा मुद्दा तुमचा सगळ्यात चांगला आहे. गॅरी वेल्स या मानसशास्त्रज्ञाने 1992 मध्ये लोकांपुढे एक काल्पनिक खटला ठेवला होता, बसखाली एका बाईंचा कुत्रा मेला, बस कुठल्या कंपनीची ते ठरवायचं. एका गटाला सांगितलं की त्या रस्त्यावरच्या 80 टक्के बस खटल्यातल्या कंपनीच्या आहेत, दुसऱ्याला सांगितलं की तिथून गेलेली बस याच कंपनीची होती अशी एका कर्मचाऱ्याने नोंद केलीये आणि त्याच्या नोंदी 80 टक्के वेळा बरोबर असतात. शक्यता दोन्हीकडे साधारण तेवढीच हे लोकांना मान्य होतं, तरी पहिल्या गटात फार थोड्यांनी कंपनीला जबाबदार धरलं आणि दुसऱ्यात पुष्कळांनी. मला लोकांची ही अडखळ योग्य वाटते, कारण नोंद त्या विशिष्ट बसबद्दल काहीतरी सांगते, रस्त्यावरची टक्केवारी सांगत नाही, आणि नुसत्या टक्केवारीवर गेलं तर त्या रस्त्यावरच्या प्रत्येक अपघाताचं खापर त्याच कंपनीवर फुटेल. त्यामुळे शिक्षा किंवा भरपाई ठरवताना नुसती शक्यता पुरत नाही, इथे मी तुमच्यासोबत आहे. पण त्यावरून "म्हणजे आपल्याला काहीच माहीत नाही, अर्धं-अर्धंच" असं जे तुम्ही शेवटी लिहिलंत ते निघत नाही. कंपनीला जबाबदार धरायला नकार देणाऱ्या त्या लोकांनीसुद्धा 80 चे 50 केले नव्हते.