कागदी घोडे

घोड्यांच्या शर्यतीचे पुस्तक, म्हणजे त्या दिवशी धावणाऱ्या घोड्यांची छापील यादी, पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा माझी समजूत अशी होती, की घोड्याचे नाव वाचावे, ते आवडले की घोडाही आवडला आणि विषय संपला. प्रत्यक्षात नाव हाच त्या पानावरचा सर्वांत निरुपयोगी मजकूर निघाला. अलीकडे आकडे, पलीकडे अक्षरे, खाली आई, बाप आणि आईचा बाप, अशा गराड्यात ते बिचारे अंग चोरून उभे असते.

माझा पहिला घात केला तो नावाशेजारच्या आकड्यांनी. मला आवडलेल्या नावापुढे १२४७०० असे छापले होते. ताजी गोष्ट आधी सांगतात, या हिशेबाने मी डावीकडचा आकडा ताजा मानला आणि शून्यापासून सुरुवात करून सातवा, चौथा, दुसरा आणि अखेर पहिला आलेल्या त्या जिद्दी प्राण्याबद्दल माझा ऊर भरून आला. शेजारच्या जाणकार मित्राने माझे विवेचन शांतपणे ऐकून घेतले आणि तो म्हणाला, "उजवीकडचा आकडा शेवटच्या शर्यतीचा असतो. आणि शून्य म्हणजे पहिल्या नवांतसुद्धा नाही." माझा होतकरू घोडा बसल्या जागी उतरणीला लागला.

आकड्यांमध्ये आडवी रेघ आली की हंगाम बदलला असे समजायचे. अडथळ्यांच्या शर्यतीत तर आकड्यांच्या जागी अक्षरेही येतात : 'एफ' म्हणजे घोडा पडला, 'पी' म्हणजे जॉकीने त्याला मध्येच थांबवले, 'यू' म्हणजे जॉकीच खाली आला (तरीही डाग घोड्याच्याच नावावर), आणि 'आर' म्हणजे घोड्याने अडथळ्यासमोर उभे राहून साफ नकार दिला. या शेवटच्या अक्षराविषयी मला विशेष जिव्हाळा आहे.

वयाचा रकाना तरी सरळ असेल, अशी आशा होती. पण उत्तर गोलार्धातल्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला असतो, त्यामुळे मे महिन्यात जन्मलेले शिंगरू जेमतेम आठ महिन्यांचे असताना कागदावर एक वर्षाचे होते. ऑस्ट्रेलियात हीच तारीख १ ऑगस्ट.

पराभवाची मापे मात्र मला पटली, कारण ती घोड्याच्याच अंगावरची आहेत : नाक, डोके, मान आणि मग पूर्ण लांबी, म्हणजे सुमारे आठ फूट. पण मित्राने तिथेही पाचर मारली. विजेत्यापासून दोन लांबी मागे राहून सातवा आलेला घोडा हा दहा लांबी मागे राहून दुसरा आलेल्या घोड्यापेक्षा उजवा असू शकतो, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे जे आकडे मी नुकतेच उलटे वाचून सुलटे केले होते, ते सुलटे वाचूनही उपयोग नव्हता.

खरे घोडे पेंड खाते ते वजनाच्या रकान्यात. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात. जॉकी हलका पडला तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून ते भरून काढतात. हे वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचे ध्येय असे, की सगळ्या घोड्यांनी शेवटचा खांब एकदमच गाठावा. थोडक्यात, जो फरक शोधण्यासाठी मी चष्मा पुसून बसलो होतो, तो फरक पुसून टाकण्याचाच पगार दुसरा एक माणूस घेत होता, आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होता.

तरीही याच रकान्याने मला नवी उमेद दिली. सतत मागे पडणाऱ्या घोड्याचे वजन उतरवतात. माझ्या १२४७०० चे वजन चांगलेच उतरले होते. शिवाय आजचे अंतर आणि हेच मैदान त्याने पूर्वी जिंकल्याची 'सीडी' ही खूण नावापुढे होती. ज्या शून्यांमुळे मी त्याला सोडला, त्याच शून्यांमुळे तो आता मला अजिंक्य वाटू लागला. मित्राने काही न बोलता पान उलटले.

पुढच्या खेपेच्या पुस्तकात त्याच नावापुढे २४७००० असे छापले होते. तिथे शेवटच्या सहाच शर्यती देतात, त्यामुळे उजवीकडून नवे शून्य आत शिरले तसा डावीकडचा पहिला क्रमांक मुकाट्याने पानाबाहेर पडला होता. वजन मात्र आणखी उतरले होते. नावही मला अजून आवडतेच.