राजमा स्मोकरमध्ये कच्चा टाकू नका

शनिवारी सकाळी साडेसातला मावशीचा फोन आला. ती जळगावहून दोन महिन्यांसाठी मुलाकडे, इथं टेक्सासमध्ये ह्यूस्टनला आली आहे. मावसभावाच्या परसात स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मंद आचेनं मांस शिजवायची पेटी, आहे, दुपारी पंधरा-सोळा माणसं जेवायला येणार होती आणि त्यांतली निम्मी शाकाहारी. "अगं, राजमा रात्रभर भिजलाय. तो आता तसाच त्या धुराच्या पेटीत ठेवायचा ना? कुकर लावायचा नाही असं लिहिलंय."

कुठं लिहिलंय म्हणून विचारलं तर तिनं एक फॉरवर्ड पाठवला. तो मला आठवडाभरात तीन गटांतून आलेला होता आणि मी तो बाजूला सारला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. भिजलेला राजमा पातेल्यात तयार असताना फोन आला, म्हणून थोडक्यात निभावलं.

फॉरवर्डचं म्हणणं असं: स्मोकर म्हणजे आपली चूलच. त्यात मांसासोबत सगळी तोंडीलावणी होतात, वेगळा स्वयंपाक नकोच. राजमा भिजवून कच्चाच 225 अंशांवर सहा तास ठेवा, मंद आचेनं सत्त्व टिकतं. बटाटे फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, धुरानं जंतू मरतात, म्हणून रात्रभर बंद स्मोकरमध्ये राहिले तरी चालतात. भाजीला धुराचा अपाय नाही, कर्करोगाची भीती फक्त मांसाला. धूर जितका दाट तितकी चव. लाकूड कुठलंही चालतं. वांगी ठेवा, थेट खान्देशी भरीत. आणि बीन्सचा ट्रे ब्रिस्केटखाली, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाच्या तुकड्याखाली, ठेवा, वरून रस पडतो, ट्रे वेगळा असल्यामुळे शाकाहारी पाहुण्यांनाही चालतो.

राजम्यापासून सुरुवात करते, कारण यात माणसं आजारी पडतात.

कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं. लाल राजम्यात ते सगळ्यात जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे एफडीएचं, 'बॅड बग बुक' म्हणून एक पुस्तक आहे, त्यात यावर वेगळं प्रकरणच आहे. या विषाचं मोजमाप ज्या एककात करतात त्यात कच्चा लाल राजमा 20,000 ते 70,000 भरतो आणि नीट शिजलेला 200 ते 400. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी त्रास होऊ शकतो. एक ते तीन तासांत मळमळ, मग जोराच्या उलट्या, मग जुलाब. आणि ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते वाक्य त्याच प्रकरणात आहे: राजमा 80 अंश सेल्सियसपर्यंतच तापवला तर विषाचा जोर पाचपटीपर्यंत वाढू शकतो. म्हणजे अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षा वाईट. स्लो कुकरमध्ये केलेल्या पदार्थांचं आतलं तापमान कित्येकदा 75 च्या वर जातच नाही, हेही तिथंच नोंदवलंय.

यावर लोक लगेच म्हणतात, "पण स्मोकर 225 वर असतो!" हो, 225 फॅरनहाइट. म्हणजे 107 सेल्सियस, आणि तेही आतल्या हवेचं तापमान. ट्रेमधल्या पाण्याचं नव्हे. उघड्या ट्रेमधून सतत वाफ जाते, ती जाताना उष्णता घेऊन जाते, आणि पाणी उकळीच्या बरंच खाली अडकून बसतं. ज्यांनी ब्रिस्केट केलंय त्यांना हे माहीत आहे: 150-160 फॅरनहाइटच्या आसपास काटा तासन्‌तास हलत नाही, त्याला इथले लोक 'स्टॉल' म्हणतात. कारण तेच, घाम सुटून मांस गार राहतं. मी गेल्या हिवाळ्यात आमच्या स्मोकरमध्ये ॲल्युमिनियमच्या उथळ ट्रेत नुसतं पाणी ठेवून थर्मामीटरचा प्रोब सोडला होता. हवा 225 वर, तीन तास झाले, आणि प्रोब दाखवत होता 174 फॅरनहाइट. सेल्सियसमध्ये 79. नेमक्या त्या घातक आकड्याच्या काठावर. त्यात राजमा असता तर सहा तासांनी तो बाहेरून मऊ लागला असता, धुराचा छान रंग चढला असता आणि कुणालाही शंका आली नसती.

मला हा विषय इतका का लागतो तेही सांगते. मागच्या लेबर डेच्या सुट्टीला ओळखीतल्या एका घरी जेवण होतं. स्लो कुकरमध्ये सकाळपासून ठेवलेला राजमा होता, दाणा जरा कचकचीत, पण मसाला इतका सुरेख जमलेला की सगळ्यांनी दोनदा घेतला. घरी येईपर्यंत माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला गाडीतच उलट्या सुरू झाल्या. नंतर तो न्हाणीघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर बादली, ओठ पांढरे पडलेले, आणि दर पाच मिनिटांनी विचारत होता, "आई, आता संपलं ना?" त्या संध्याकाळी सहा घरांतून फोन आले. सगळ्यांना वाटलं दही खराब असेल. हा त्रास बहुतेकांचा तीन-चार तासांत ओसरतो, त्याचाही ओसरला. पण मोठ्या माणसाचे ते तीन तास आणि सत्तर वर्षांच्या मधुमेही बाईचे ते तीन तास सारखे नसतात. मावशी सत्तरीची आहे.

उपाय आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे आणि फॉरवर्डनं नेमका तोच काढून टाकायला सांगितलाय. राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, नवीन पाण्यात खळखळून उकळा. दहा मिनिटांत विष जातं, पण एफडीए खात्रीसाठी तीस मिनिटं सांगते. कुकर लावला तर प्रश्नच मिटतो, तिथं तापमान शंभराच्या पुष्कळ वर जातं. मग तो शिजलेला राजमा दीड तास स्मोकरमध्ये ठेवा, हवा तेवढा धूर द्या. सत्त्व टिकवण्याच्या नावाखाली कुकर सोडायला सांगणाऱ्यानं आधी हे सांगावं की टिकतंय ते काय.

एक गोष्ट मान्य करते. टेक्सासमध्ये बीन्स स्मोकरमध्ये होतात आणि उत्तम होतात, ही काही कुणाची कल्पना नाही. पण आधी चुलाण्यावर उकळलेले किंवा डब्यातले. डब्यातले बीन्स कारखान्यात दाबाखाली पूर्ण शिजवूनच भरलेले असतात. स्मोकर तिथं शिजवायचं काम करत नाही, वास द्यायचं करतो.

आता बटाटे. हाही मुद्दा मी सोडणार नाही.

धुरात जंतूंना रोखणारी द्रव्यं असतात हे अर्धं खरं आहे. पण ती पृष्ठभागावर बसतात, आणि फॉइलमध्ये गुंडाळलेल्या बटाट्याला धूर लागतच नाही! पूर्वी धुरावर मासे-मांस टिकवायचे ते मुख्यतः मीठ लावून आणि पाणी काढून. आपले बोंबीलही टिकतात ते पाणी गेल्यामुळे. बटाट्यात पाणी तसंच असतं, आंबटपणा नसतो, आणि फॉइल हवा आत जाऊ देत नाही. बोट्युलिझम म्हणजे स्नायू लुळे पाडणारी जीवघेणी विषबाधा; मातीतून आलेले तिच्या जंतूंचे बीजाणू शंभर अंश सेल्सियसवर मरत नाहीत, त्यांना 121 अंश लागतात. बटाटा भाजून कोमट झाला की त्यांना हवं ते सगळं आत मिळतं: ओल, ऊब आणि हवेचा अभाव.

हे पुस्तकी भय नाही. याच टेक्सासमध्ये, एल पासोला, 1994 साली एका ग्रीक रेस्टॉरंटमध्ये फॉइलमधले भाजलेले बटाटे काही दिवस बाहेरच राहिले आणि त्यांची चटणीसारखी डिप केली गेली. 30 माणसांना बोट्युलिझम झाला. काहींना श्वासासाठी यंत्रावर ठेवावं लागलं. चवीत, वासात काही कळत नाही. बटाटा स्मोकरमधून काढला की फॉइल उघडा, गरम असतानाच खा, उरला तर फॉइल काढून फ्रिजमध्ये. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात, 90 फॅरनहाइटच्या वर, एकच तास. बंद केलेला स्मोकर म्हणजे झाकण असलेलं कोमट कपाट.

त्याच फॉरवर्डच्या खाली कुणीतरी भर घातली होती: लसूण तेलात बुडवून स्मोकरमध्ये ठेवा आणि बरणीत भरून ओट्यावर ठेवा, लोणच्यासारखा टिकतो. लोणचं टिकतं ते आंबटपणा आणि मिठामुळे, नुसत्या तेलामुळे नव्हे. तेलातल्या लसणाला बोट्युलिझमचा तोच धोका आहे. फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-चार दिवसांत संपवा.

कर्करोगाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं कबूल करते. जास्त आचेवर मांसात हेटेरोसायक्लिक अमाइन्स नावाची जी कर्करोगाशी जोडलेली द्रव्यं तयार होतात, त्यांना मांसातलं क्रिएटिन लागतं, भाजीत ते नसतं. पण धुरातून येणारे दुसरे कर्करोगकारक पदार्थ, बेंझोपायरीनच्या जातीचे, ज्याच्यावर धूर बसेल त्याच्यावर बसतात. मक्याचं कणीस आणि पनीर यांना त्यातून सूट नाही. महिन्यातून एकदा खाण्याला घाबरायचं कारण नाही, पण "भाजीला अपाय नाही" हे खोटं आहे.

आणि धूर दाट करू नका. पनीर, चीज घातलेली मॅकरोनी, मलईचा कुठलाही पदार्थ धूर फार लवकर ओढून घेतो, कारण स्निग्ध आणि ओल्या पृष्ठभागावर तो चिकटतो. पांढरा दाट धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही; अर्ध्या तासात पनीर जिभेला झोंबेल इतकं कडू होतं. धुराड्यातून जेमतेम दिसणारा निळसर धूर हवा. आपण वरणाला कोळशाचा धूर देतो तेव्हा झाकण पाच मिनिटांत काढतोच ना? तोच हिशोब.

लाकडाबद्दल एकच: ओक, पिकन, हिकरी, मेस्किट, फळझाडांची लाकडं ठीक. रंगवलेलं, प्रक्रिया केलेलं, प्लायवूड नको. माल रचायच्या लाकडी पॅलेट फोडून जाळायचा सल्लाही त्या फॉरवर्डमध्ये आहे, तो तर मुळीच ऐकू नका. 'एमबी' असा शिक्का असलेली पॅलेट मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीटकनाशक वायूनं धुरवलेली असते.

वांग्याचं मात्र मावशीनंच उत्तर दिलं. तिचं माहेर-सासर दोन्ही खान्देशातलं, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजताना ती लहानपणापासून बघत आली आहे. "जाळ नाही तर साल करपणार कशी आणि आतलं पाणी सुटणार कसं?" बरोबर आहे. 225 वर वांगं वाळत जातं, साल चामड्यासारखी होते. आधी गॅसच्या जाळावर साल काळी करून घ्या, मग वीस मिनिटं धूर. ते चांगलं लागतं, मी करते. त्याला भरीत म्हणा, खान्देशी म्हणू नका.

ब्रिस्केटखालच्या ट्रेबद्दल वाद घालायची गरज पडू नये. वरून चरबी आणि रस पडतो तो बीन्समध्येच पडतो, आणि म्हणूनच इथले लोक तो तिथं ठेवतात. ट्रे वेगळा असला तरी पदार्थ शाकाहारी राहत नाही. मावसभावाच्या सासूबाई चातुर्मास पाळतात. त्यांना हे न सांगता वाढणं ही फसवणूक आहे. शाकाहारी ट्रे वरच्या जाळीवर ठेवा, मांस खाली. वर कच्चं चिकन असेल तर मांसाहारी पाहुण्यांसाठीही खाली तयार पदार्थ ठेवू नका.

शनिवारी मावशीनं पाच शिट्ट्या काढल्या, मग अर्धा तास मंद आचेवर. दाणा बोटांत दाबून बघितला, मला व्हिडिओवर दाखवला, पीठ झालेला. मग तो ट्रे वरच्या जाळीवर गेला. सगळे जेवले.

हे सगळं मी काल त्या मूळ गटात लिहिलं. फॉरवर्ड टाकणाऱ्या ताईंचं उत्तर आलं, "आम्ही तीन वर्षं असाच करतोय, कुणाला काही झालं नाही." मी विचारलं, राजमा कुठला घेता? अर्ध्या तासानं फोटो आला. ओट्यावर चार डबे होते, वर लिहिलेलं: शिजवलेला लाल राजमा. ताई, मग फॉरवर्डमध्ये "भिजवून कच्चाच" हे कुठून आलं? तो कुणी लिहिला ते तुम्हाला माहीत नाही म्हणता, ठीक. पण पुढं पाठवलात तुम्ही. ज्या ज्या गटांत पाठवलात तिथं आजच डब्यांचा हा फोटो टाका, आणि खाली लिहा की राजमा आधी उकळलेला हवा.