चार वळणांचा रामबाण उपाय आणि न सुटणारा क्यूब

‘रूबिक क्यूब कितीही विस्कटलेला असू दे, ही चार वळणं घेत राहा, आपोआप सुटतो. नाहीच जमलं तर नडणारे तुकडे उपटून बदला, कोणाला कळतंय? नाहीतरी स्पर्धेतली पोरं फॉर्म्युलेच घोकून येतात.’ अशा अर्थाचा एक व्हिडिओ ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यातल्या दोन गोष्टी धडधडीत चुकीच्या आहेत. तिसरी अर्धवट खरी आहे, म्हणून जास्त डोकं खाते.

आधी ती चार वळणं. उजवी बाजू वर, वरचा थर डावीकडे, उजवी खाली, वरचा थर उजवीकडे. सुटलेला क्यूब घ्या आणि करून बघा. पहिल्याच फेरीत रंग विस्कटतात. तिसऱ्या फेरीअखेर कडेचे सगळे तुकडे जागेवर आलेले असतात, चुकलेले असतात फक्त चार कोपरे. सहाव्या फेरीला क्यूब पहिल्यासारखा. एवढाच खेळ आहे. सुटलेल्या क्यूबवर दोन फेऱ्या कॅमेऱ्यामागे मारून ठेवायच्या, उरलेल्या चार कॅमेऱ्यासमोर. तुम्ही मनापासून विस्कटलेला क्यूब व्हिडिओवाल्याच्या हातात द्या, सहा फेऱ्यांनंतर तो तुम्हाला तितकाच विस्कटलेला परत मिळेल.

‘मग दुसरी चार वळणं घेऊ’ म्हणाल, तरी सुटका नाही. वळणांची कुठलीही ठरावीक मालिका पुन्हा पुन्हा केली की जास्तीत जास्त १२६० फेऱ्यांत निघाली तिथेच परत येते. चार वळणांची मालिका असेल तर वाटेतल्या धरूनही ५०४० च्या वर रचना दिसणं शक्य नाही. क्यूबच्या एकूण रचना आहेत ४३ वर अठरा आकडे. सेकंदाला एक बघायची ठरवली तरी सव्वा लाख कोटींहून जास्त वर्षं लागतील.

कुठलाही क्यूब २० वळणांत सुटतो, हा दाखलाही हटकून दिला जातो. अर्धं फिरवणं हे एकच वळण धरलं तर ते खरं आहे. गूगलने पुरवलेल्या संगणकवेळेच्या जोरावर २०१० साली ते सिद्ध झालं. पण ती वळणं प्रत्येक रचनेसाठी निराळी असतात. सर्वांना लागू पडणारी वीस वळणं असं काही नसतं.

आता उपटाउपटी. संपूर्ण क्यूब खोलून सुटलेल्या अवस्थेत जोडलात तर त्याला कॉपी म्हणा, पण क्यूब शाबूत राहतो. घोळ होतो तो शेवटी अडलेला एकच तुकडा काढून उलटा बसवला की. एकटा कोपरा जागच्या जागी फिरणं, एकटी कड उलटी होणं, फक्त दोनच तुकड्यांची अदलाबदल होणं, यातलं काहीच नियमाने फिरवून घडत नाही. कोपऱ्याच्या तीन शक्यता, कडेच्या दोन, अदलाबदलीच्या दोन: गुणाकार बारा. सगळे तुकडे काढून मनाला येईल तसे जोडले तर क्यूब सुटण्याजोगा असण्याची शक्यता बारात एक. एका कोपऱ्यावरच्या दोन स्टिकरांची अदलाबदल तर त्याहून वाईट, कारण तसा कोपरा मूळ क्यूबवर कुठेच नसतो. पुढच्या वेळी तोच क्यूब घेऊन बसलेलं पोर ‘मला येतच नाही’ म्हणून तो कपाटावर टाकतं, तेव्हा दोष पोराचा नसतो.

भरधाव फिरवताना कधी कोपरा आपणहून गरकन फिरतो. म्हणूनच वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या स्पर्धांत तेवढा एक कोपरा, क्यूब न खोलता, सरळ करून घेण्याची मुभा असते.

राहिली घोकंपट्टी. फॉर्म्युले पाठ करतात, हे खरं. प्रचलित पद्धतीत शेवटच्या थरासाठी असे ७८ असतात. पण पाढे पाठ असणं म्हणजे गणितात कॉपी करणं नव्हे. स्क्रॅम्बल, म्हणजे क्यूब विस्कटण्याचा क्रम, संगणक काढतो, निरीक्षणाला १५ सेकंद मिळतात आणि पहिले दोन थर बहुतेकजण नजरेनेच जुळवतात. शिवाय कमीत कमी वळणांत सोडवण्याचा वेगळाच प्रकार असतो: तासभर वेळ, हाताशी कागद, पेन आणि क्यूब; संगणकाला मात्र बंदी. व्हिडिओवाल्याने आपली चार वळणं घेऊन तिथे नाव नोंदवावं.