सात मिनिटांचा उशीर पुरतो

धूमकेतू आणि लघुग्रहांचे सिनेमे मी मनापासून बघते. लागला की चॅनल बदलवत नाही. पण 'आर्मागेडॉन'वर माझा राग आहे आणि तो दरवेळी बघताना वाढतो.

१९९८ साली दोन सिनेमे पाठोपाठ आले. मे महिन्यात 'डीप इम्पॅक्ट', जुलैत 'आर्मागेडॉन'. लोकांच्या डोक्यात बसला तो दुसरा. टेक्सासएवढा लघुग्रह, हाताशी १८ दिवस, तेलविहिरी खोदणारी माणसं यानातून पाठवायची, भोक पाडून अणुबॉम्ब ठेवायचा. टेक्सासएवढा म्हणजे साधारण हजार किलोमीटर. लघुग्रहांच्या पट्ट्यातला सगळ्यात मोठा गोळा सेरेस त्याहून जरा लहानच, आणि तो पियाझी या खगोलशास्त्रज्ञाला १८०१ साली दिसला होता! मग एवढं धूड १८ दिवस आधीपर्यंत लपून कसं राहील?

चूक दाखवून मिरवायचं म्हणून हे लिहीत नाहीये. या सिनेमाने एक समजूत रुजवली, की संकट दारात आलं की शूर माणसं जाऊन ते फोडतील. खरं काम याच्या बरोबर उलटं आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. स्वतःच्या व्यासाएवढं अंतर ती साधारण सात मिनिटांत कापते. म्हणजे येणाऱ्या दगडाला सात मिनिटं उशीर करायला लावला, तरी आपण तिथून पुढे निघून गेलेलो असतो. दहा-वीस वर्षं आधी कळलं तर त्यासाठी अगदी हलका धक्का पुरतो.

नासाने हे करूनही दाखवलंय. २६ सप्टेंबर २०२२ ला 'डार्ट' यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. तो डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा. धडकेनंतर फेरी सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. त्या रात्री यानाचा कॅमेरा शेवटपर्यंत चित्रं पाठवत होता, दगडगोटे जवळ येत येत पडदा भरून गेला. इतकं थरारक मी कुठल्याच सिनेमात पाहिलेलं नाही.

म्हणून मला 'डीप इम्पॅक्ट' कितीतरी जवळचा वाटतो. त्यात धूमकेतू पहिल्यांदा दिसतो तो शाळकरी पोराला. शिवाय धूमकेतूच्या बाबतीत वेळ खरंच कमी असतो, ही भीती रास्त आहे. २०२० चा निओवाइज मार्चअखेरीस सापडला आणि जुलैच्या सुरुवातीला सूर्याला वळसा घालून गेलासुद्धा. मध्ये जेमतेम तीन महिने.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी 'धूमकेतू' कथेत हे फार आधी ओळखलं होतं. एक हौशी बंगाली निरीक्षक धूमकेतू शोधतो, शास्त्रज्ञ गाजावाजा न करता उपाय करतात, आणि घरचे मात्र यज्ञ मांडून बसतात. बॉम्ब तिथेही आहे, पण कथेचं लक्ष माणसं संकटाकडे कसं बघतात यावर आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये '२०२४ वायआर४' हा लघुग्रह पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांवर गेली आणि संभाव्य पट्ट्यात मुंबईचं नाव आलं, तेव्हा आपल्या चॅनलांनी सिनेमाचीच भाषा वापरली. निरीक्षणं वाढतात तशी शक्यता आधी चढते आणि मग बहुतेक वेळा एकदम कोसळते, हे फार थोड्यांनी समजावलं. महिनाअखेर ती जवळपास शून्यावर आली होती.

आणि रशियातलं चेल्याबिन्स्क? १५ फेब्रुवारी २०१३ ला जेमतेम २० मीटरचा दगड सूर्याच्या बाजूकडून आला, आधी कुणालाच दिसला नाही. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, त्यातले बरेचसे फुटलेल्या काचांनी. लखलखाट आधी दिसतो, हवेचा तडाखा मागून येतो. मधल्या वेळात लोक काय झालं ते बघायला खिडकीशी गेले होते. असा लखलखाट दिसला तर खिडकीपासून लांब पळा, एवढी एक गोष्ट कुठल्यातरी दिग्दर्शकाने पडद्यावर दाखवावी, पोरंसोरंसुद्धा ती लक्षात ठेवतील.